ठमीची नसबंदी कुठं करावी?

प्रश्न वाईहून आला आहे. ठमी ही चौदा महिन्यांची गावठी कुत्री, वजन सोळा किलो, पिल्लू असताना नदीच्या घाटावर सापडलेली. तिचा दुसरा माज संपून तीन आठवडे झालेत. घरच्यांसमोर चार पर्याय आहेत. गावातले ओळखीचे डॉक्टर, जे मुख्यतः गाई-म्हशी बघतात. जवळच्या शहरातलं भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं केंद्र, जिथं थोड्या पैशांत काम होतं. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. आणि पुण्यातलं एक मोठं खासगी रुग्णालय, जिथं हेच ऑपरेशन दुर्बिणीतून करतात. ताईंनी शेवटी लिहिलंय, "पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून जास्त भीती वाटते. कुठं नेली म्हणजे ती नीट घरी येईल?"

ताई, मी चोवीस वर्षं कोल्हापुरात कुत्र्यामांजरांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. या ऑपरेशनच्या आधी बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांचे चेहरे मी रोज बघते, त्यामुळे तुमची भीती मला समजते. आजारी जनावराला ऑपरेशनला नेणं वेगळं आणि खेळत्या, धडधाकट पोरीला आपण होऊन टेबलावर निजवणं वेगळं. म्हणून ठिकाण निवडायला तुम्ही वेळ घेताय हे योग्यच आहे.

आणि वेळ तुमच्याकडे आहे. माज नुकताच संपलाय, म्हणजे आत्ता कुणी "उद्या घेऊन या" म्हणालं तरी नेऊ नका. माजाच्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, आतलं मांस ठिसूळ झालेलं असतं, दोरा बांधायला जावं तर तो कापत जातो. माज संपल्यावरही दोनेक महिने कुत्रीच्या अंगात गाभणपणाचं संप्रेरक चढलेलं असतं, ती गाभण असो वा नसो. सहा ते आठ आठवड्यांनी काहीजणी चपला, मोजे, बाहुल्या गोळा करून कोपऱ्यात घेऊन बसतात, सडांना दूधही येतं. हा खोटा गाभणपणा. नेमकं त्याच वेळी अंडाशय काढलं तर संप्रेरक एकदम खाली येतं आणि दूध, चिडचिड लांबत जाते. म्हणून माज संपल्यापासून साधारण तीन महिने जाऊ द्यायचे. ठमीच्या बाबतीत अजून दोन-सव्वादोन महिने. तोवर एवढंच बघा: ती अचानक खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, मागून पू किंवा तपकिरी स्राव आला, तर तीन महिन्यांचा हिशेब सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भाशयात पू होण्याचा आजार माजानंतरच्या याच आठवड्यांत होतो. ठमीच्या वयात तो क्वचितच, पण वय वाढेल तसा बराच दिसतो, आणि नसबंदी करायचं एक मोठं कारण तेच आहे.

"एकदा वेत होऊ द्या, मग करा" असं तुम्हाला शेजारीपाजारी सांगणार. त्यात कुत्रीच्या तब्येतीचा काही फायदा नाही. उलट प्रत्येक माजागणिक स्तनाच्या गाठींचा धोका वाढत जातो असंच आम्ही मानतो. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत सांध्यांच्या वाढीसाठी थोडं थांबावं असं आता म्हणतात, पण थांबणं वेगळं आणि वेत होऊ देणं वेगळं. ठमीला दोन्हीची गरज नाही.

आता ठिकाण. लोक मला विचारतात, गॅसची भूल आहे का, मशीन कुठलं आहे, डॉक्टर किती शिकलेत. हे सगळं विचारावं. पण माझ्या मते पहिला प्रश्न दुसराच आहे: सर्जनचं लक्ष पोटात असताना टेबलाच्या डोक्याकडे कोण उभं असतं?

का ते सांगते. कुत्रीची नसबंदी म्हणजे पोट उघडून दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढणं. नरांचं ऑपरेशन पोट न उघडता बाहेरच्या बाहेर होतं, हे आतलं आहे. अंडाशय बरगडीखाली खोल, मूत्रपिंडाशेजारी एका घट्ट पट्ट्याने बांधलेलं असतं. ते वर आणण्यासाठी तो पट्टा बोटाने ताणावा किंवा तोडावा लागतो. सगळ्या ऑपरेशनमधला हा सर्वांत दुखरा क्षण. भूल थोडी जरी हलकी असेल तर याच क्षणी श्वास भराभर होतो, नाडी उडते, कधी पाय हलतो. आणि भूल जास्त खोल असेल तर उलट, दोन श्वासांमधलं अंतर वाढत जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. माझे हात त्या वेळी रक्तवाहिनीवर असतात, नजर दोऱ्याच्या गाठीवर. त्या क्षणी मला माझ्या मदतनिसाचा आवाज लागतो: "मॅडम, श्वास आठ. हिरड्या गुलाबी. ऑक्सिजन सत्त्याण्णव." ती डोक्याकडे स्टुलावर बसलेली असते, एक हात जबड्याखाली, दर पाच मिनिटांनी कागदावर आकडे लिहीत. हिरडीवर बोट दाबून सोडते, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. डोळ्याच्या कडेला हलकं बोट लावून पापणी मिटते का बघते. माझ्या दवाखान्यातली सगळ्यात महागडी वस्तू कुठली म्हणाल, तर मी तिचं शिकलेलं लक्ष म्हणेन.

टेबलावर बिघडतं ते माझ्या अनुभवात बहुतेक वेळा इथं. दोरा-सुरीत कमी आणि श्वासात जास्त. म्हणून चारही ठिकाणी हाच प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर कसं येतं ते ऐका. "आमच्याकडे अमुक एक माणूस फक्त भूल सांभाळतो" हे चांगलं उत्तर. "मीच बघतो सगळं" हे प्रामाणिक उत्तर आहे, पण मग पुढचं सगळं जास्त बारकाईने विचारायला हवं.

पुढचं म्हणजे काय? पायाच्या शिरेत सुई लावून सलाइन चालू असतं का. मुख्य भुलीनंतर घशात नळी घालतात का. नळी असली म्हणजे उलटी झाली तरी ती फुप्फुसात उतरत नाही, आणि श्वास अडला तर फुगा दाबून ऑक्सिजन देता येतो. ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीत आहे का, आणि भरलेला आहे का. नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारं यंत्र जिभेला लावतात का. गॅसची भूल, म्हणजे आयसोफ्लुरेन, असेल तर उत्तमच, कारण ती मिनिटामिनिटाला कमी-जास्त करता येते. पण इंजेक्शनची भूल म्हणजे जुनाट आणि वाईट असा समज करून घेऊ नका. शिरेतून, मोजून, नळी आणि ऑक्सिजनसह दिलेली इंजेक्शनची भूल, कुणी नीट लक्ष ठेवत नसलेल्या गॅसच्या भुलीपेक्षा मला कधीही चालेल. मला भीती वाटते ती एकाच पद्धतीची: स्नायूत एक टोचायचं, कुत्री झोपली की टेबलावर घ्यायची, ना सुई लावलेली ना नळी, आणि मध्ये हलली की अंदाजाने आणखी थोडं टोचायचं.

दुखणं थांबवण्याचं औषध भुलीत आपोआप येत नाही, हेही लक्षात घ्या. झोप वेगळी, वेदना थांबणं वेगळं. ऑपरेशनच्या आधीच वेदनाशामक देतात का आणि घरी किती दिवसांचं देतात, हे विचारायला संकोच करू नका.

आता तुमचे चार पर्याय एकेक करून घेऊ.

गावातल्या डॉक्टरांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात जरा संशयाचा सूर आहे. म्हशीचं सिझेरियन गोठ्यात, उभ्या जनावरावर, जागेवर बधिर करून, टॉर्चच्या उजेडात करणारा माणूस हाताने कच्चा नसतो. मी स्वतः शिकताना असे हात बघून थक्क झाले आहे. पण ते कसब वेगळं. म्हैस ऑपरेशनभर जागी असते, स्वतःचा श्वास स्वतः घेत असते. कुत्रीला पूर्ण झोपवावं लागतं आणि तिचा श्वास आपल्या जबाबदारीवर येतो. म्हणून त्यांना आदराने विचारा, "सर, कुत्रीची नसबंदी शेवटची कधी केलीत? महिन्यात किती होतात?" जो नियमित करतो तो लगेच सांगतो, आणि अडचणीही सांगतो. वर्षात दोन-तीन होत असतील तर ठमी तिथं नको. मात्र ऑपरेशननंतरच्या काळात हेच डॉक्टर तुमचे खरे आधार ठरणार आहेत, त्याकडे पुढे येते.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करते, कारण गावांमध्ये गल्लत होते. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक लसीकरण, कृत्रिम रेतन, प्रथमोपचार यांत फार मोलाचं काम करतात, पण पोट उघडण्याचं काम त्यांचं नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे ते नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेल्या डॉक्टरचं. क्रमांक विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

भटक्या कुत्र्यांच्या केंद्राकडे बघताना सुशिक्षित माणसं नाक मुरडतात, ते मला पटत नाही. तिथले सर्जन एका दिवसात जेवढ्या कुत्र्या करतात तेवढ्या मी आठवड्यात करत नाही. त्यांचा छेद छोटा, हात जलद, आणि हात जलद म्हणजे भुलीचा वेळ कमी. मी नवीन डॉक्टरांना सांगते की अशा केंद्रात सहा महिने घाला, आयुष्यभर उपयोग होईल. पण ती व्यवस्था रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी उभी केलेली असते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळीव कुत्र्याची नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, पालिकेची मोफत सोय भटक्यांसाठी आहे. काही संस्था अल्प शुल्कात पाळीव कुत्री घेतात, तुम्ही म्हणताय ते बहुधा तसंच केंद्र असेल. तिथं गेलात तर चार गोष्टी बघा. प्रत्येक कुत्रीला निर्जंतुक केलेला वेगळा हत्यारांचा संच वापरतात का, की एकच संच औषधी पाण्यात बुडवून पुढच्या कुत्रीला. पिंजरे कसे आहेत. रस्त्यावरून आलेल्या आजारी कुत्र्यांच्या शेजारी ठमीला ठेवणार असतील तर डिस्टेंपर, पार्व्हो या संसर्गजन्य आजारांची आणि गोचिडांची जोखीम आलीच. तिचं लसीकरण पूर्ण असेल आणि शेवटची लस किमान दोन आठवडे आधी झाली असेल तरच न्या. रक्त तपासतात का, नाहीतर ते तुम्ही बाहेरून करून घ्या. आणि कान. भटक्या कुत्र्यांची नसबंदी झाली की खूण म्हणून कानाचं टोक कापतात. पाळीव कुत्रीला ते नको असेल तर आधीच, तोंडी आणि अर्जावर, दोन्हीकडे सांगा. हे विसरून नंतर रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

अशा केंद्रांत बऱ्याचदा छेद पोटाच्या खाली न घेता कुशीत, म्हणजे बाजूने घेतात. रस्त्यावर सोडायच्या कुत्रीला ते सोयीचं: जखम लांबून दिसते, आणि टाका सुटला तरी आतडी बाहेर येण्याचा धोका कमी. पण एका बाजूच्या छोट्या छेदातून पलीकडच्या अंडाशयाशी काही झालं, रक्त लागलं, तर तिथं पोचणं अवघड जातं. घरात सांभाळायच्या कुत्रीला मी पोटाच्या मधोमधच छेद घेते. हा माझा कल झाला, चांगल्या हाताला दोन्ही जमतं.

शिरवळ. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतलं. तुम्हाला खंबाटकी ओलांडली की जवळच. शिकवण्याच्या रुग्णालयाबद्दल लोकांची भीती एकच: "पोरं आमच्या कुत्रीवर शिकणार." खरं आहे, शिकणार. पण एकटी नाही. शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण झालेले प्राध्यापक शेजारी असतात, आणि ज्या डोक्याकडच्या माणसाबद्दल मी इतकं बोलले, तिथं महाविद्यालयात एकाच्या जागी दोन-दोन इंटर्न उभे असतात, कारण नाडी आणि श्वास लिहिणं हाच त्यांचा अभ्यास. खर्च खासगीपेक्षा कितीतरी कमी. गैरसोयी त्याही आहेत: रांग, बाह्यरुग्ण विभागाच्या ठरलेल्या वेळा, परीक्षा-सुट्ट्यांचं वेळापत्रक, आणि ऑपरेशन थोडं जास्त वेळ चालणं. सरळ विचारा, "मुख्य सर्जन कोण असतील? रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा?" मुंबईच्या वाचकांना परळचं महाविद्यालय आणि त्याच्या आवारातलं पेटिट रुग्णालय, आपलं बैलघोडा हॉस्पिटल, माहीत असतंच. विदर्भ-मराठवाड्यातल्यांसाठी नागपूर, अकोला, परभणी, उदगीर आहे. या जागा आपल्या आहेत आणि पाळीव कुत्र्यांचे मालक त्या विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

पुण्याचं मोठं रुग्णालय. दुर्बिणीतून केलेल्या नसबंदीत दोन-तीन बारीक छिद्रं, पट्टा ताणावा लागत नाही म्हणून वेदना कमी, दोन दिवसांत कुत्री हुंदडायला लागते. छान तंत्र आहे. पण त्यासाठी पोटात वायू भरतात, त्याने श्वासावर दाब येतो, म्हणजे भूल सांभाळणारा माणूस आणखी पक्का लागतो. बहुतेक ठिकाणी तो असतो, म्हणून तर तिथलं शुल्क तसं असतं. ठमीसारख्या तरुण, सडपातळ, निरोगी कुत्रीला एवढ्यासाठी कर्ज काढू नका. पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग असती तर मी वेगळं सांगितलं असतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा खरा धोका नळी काढल्यानंतर सुरू होतो, त्यांना जाग येईपर्यंत माणूस आणि यंत्र दोन्ही पाहिजे. हृदयाचा त्रास असलेली, सात-आठ वर्षांची, लठ्ठ, त्याच रांगेत. आणि आपल्याकडचे कारवानी, पश्मी, मुधोळ हे सडसडीत शिकारी कुत्रे: अंगावर चरबी नाही, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या काही भुलीतून ती फार हळू बाहेर येतात. ज्यांच्याकडे अशी कुत्री आहेत त्यांनी डॉक्टरला जातीचं नाव न विसरता सांगावं.

आता ज्या गोष्टीने माझं स्वतःचं मत बदललं ती सांगते.

दवाखाना टाकून दुसरंच वर्ष होतं. पाच वर्षांची, अंगाने भरलेली लॅब्रेडोर. चरबीत अंडाशयाची वाहिनी शोधायला त्रास झाला, पण गाठ बसली, पोट कोरडं दिसलं, मी टाके घातले. संध्याकाळी सहाला शुद्धीवर आली, शेपटी हलवली, घरी पाठवली. रात्री साडेदहाला फोन: "मॅडम, उभी राहात नाही, अंग गार लागतंय." मी म्हटलं, ओठ वर करा, हिरडी कशी दिसते? पलीकडे एक क्षण शांतता आणि मग, "पांढरी. कागदासारखी." चरबीत बांधलेली गाठ सरकली होती, आत रक्त चाललं होतं. ते घर माझ्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. त्यांचाच दुसरा लॅब्रेडोर गाडीत मागे बसवून आणायला सांगितला, त्याचं रक्त काढलं आणि तिला लावलं. कुत्र्यांत पहिल्यांदा रक्त देताना बहुधा निभावतं, म्हणून तो धोका पत्करला. पोट पुन्हा उघडलं. पहाटे तीनला ती नीट श्वास घेत होती. पुढे सात वर्षं जगली, पण त्या रात्री माझे हात बराच वेळ थरथरत होते. गाठ माझी होती, चूक माझी होती. तेव्हापासून मी प्रत्येक वाहिनीला दोन गाठी बांधते, आणि टाके घालण्याआधी दोन्ही टोकं पुन्हा उचलून बघते.

त्या घराचा रस्ता दहा मिनिटांऐवजी दोन तासांचा असता तर ती वाचली नसती. म्हणून "कुठं करायचं" या प्रश्नातच "पहिली रात्र कुठं काढायची" हा प्रश्न धरा. अशा गोष्टी क्वचित होतात. पण झाल्याच तर बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होतात. पुण्याला केलंत तर ती रात्र पुण्यात नातेवाइकांकडे काढा, किंवा रुग्णालयात ठेवा, पण ठेवण्याआधी विचारा की रात्री तिथं डॉक्टर असतो की फक्त राखणदार. कुलूप लावून जाणार असतील तर ती तुमच्याजवळच बरी. शिरवळला केलंत तर तुम्ही त्यामानाने जवळ आहात, तरीही गावातल्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा: "सर, अमुक तारखेला शिरवळला करतोय, रात्री काही वाटलं तर तुम्हाला उठवू का?" त्यांना डावललं असं वाटू देऊ नका. कागदपत्रं त्यांना दाखवा, टाके काढायला त्यांच्याकडेच जा.

कुठंही करा, रक्ततपासणी करूनच करा. आपल्याकडे गोचीड ताप इतका आहे की वरून टुणटुणीत दिसणाऱ्या कुत्रीच्या रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, घसरलेल्या सापडतात. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. एक लाखाच्या खाली असतील तर मी ऑपरेशन पुढे ढकलते, काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघते, कारण यंत्र कधी कधी प्लेटलेटचे गोळे मोजत नाही आणि उगाच कमी दाखवतं. खरंच गोचीड ताप निघाला तर चार आठवडे औषध आणि मग पुन्हा तपासणी. गावठी कुत्र्यांना काही होत नाही हा समज घातक आहे. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे एवढं पुरतं. आठवडाभर आधी करा, म्हणजे काही निघालं तर वेळ मिळतो. गोचिडांवरचं औषध आत्ताच सुरू ठेवा.

पैशांबद्दल एकच सांगते. नुसता आकडा विचारून तुलना करू नका, त्यात काय काय धरलंय ते विचारा. रक्ततपासणी, भूल, घरची औषधं, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर, टाके काढणं, आणि काही बिघडलं तर पुन्हा बघण्याचे पैसे. स्वस्त वाटलेला आकडा या सगळ्याची बेरीज केल्यावर कधी कधी महाग निघतो, आणि उलटही होतं.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? आधी गावातल्या डॉक्टरांशी बोलले असते. ते महिन्याला पाच-सहा कुत्र्या करत असतील, मदतीला भूल बघणारा माणूस असेल, नळी-ऑक्सिजन असेल, तर मी कुठंही गेले नसते. पाच मिनिटांवरचा डॉक्टर ही फार मोठी गोष्ट आहे. नसेल, तर शिरवळ. केंद्र तिसरं, तेही पिंजरे स्वतः बघून आल्यावर. एखाद्या सकाळी नुसतं जाऊन या. ऑपरेशन झालेल्या कुत्र्या कुठं ठेवल्यात ते दाखवा म्हणा. ओल्या फरशीवर निजवल्या असतील तर परत या. पोट उघडलं की कुत्रीचं अंग झपाट्याने गार पडतं आणि गार अंगात भूल उतरता उतरत नाही. खाली जाड चादर, अंगावर पांघरूण आणि शेजारी बसलेला माणूस दिसला तर समजा की तिथं काळजी घेतात.

आदल्या रात्री नऊ-दहाला हलकं जेवण, नंतर काही नाही. पाणी सकाळपर्यंत चालेल, डॉक्टर वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका. "सकाळी उपाशी कशी न्यायची, अर्धी भाकरी दिली" असं आजी-आजोबा मायेने करतात आणि लपवतात. तसं झालं तर खरं सांगून टाका, तारीख बदलता येते. परत येताना गाडी हळू, घाटाच्या वळणांवर तिला मळमळतं. मान सरळ आणि थोडी खाली राहील अशी निजवा.

घरी पहिल्या रात्री दर दोन तासांनी हिरडी बघा. गुलाबी असायला हवी. आत्ता, ती बरी असतानाच, रोज एकदा ओठ वर करून बघायची सवय करा, म्हणजे तिची नेहमीची गुलाबी कशी ते डोळ्यांत बसेल. एखादी उलटी, थोडं कण्हणं, जेवणाला तोंड न लावणं चालतं. हिरड्या फिकट, पोट फुगत चाललेलं, जखमेतून थेंब थेंब न थांबता रक्त, हाक मारली तरी डोळा न उघडणं, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध जेवणानंतरच द्या. कॉलर दहा-बारा दिवस, टाके निघेपर्यंत, रात्रीसुद्धा. "बिचारीला त्रास होतो" म्हणून काढलेल्या तासाभरात ओढून टाके उघडलेल्या कुत्र्या मी शिवल्या आहेत. वाड्याचे उंच उंबरे, जिने, सोफ्यावर उड्या, सगळं दोन आठवडे बंद, बाहेर फक्त साखळीला धरून. आणि महिन्याभरात तिचं जेवण साधारण चौथाईने कमी करा, नसबंदीनंतर भूक वाढते आणि अंगाला लागणारी ऊर्जा घटते.

तुम्ही अगदी शेवटी, जणू विचारू की नको अशा सुरात विचारलंय, "ती झोपेपर्यंत मी तिच्याजवळ थांबू शकते का?" थांबा. मी प्रत्येकाला थांबू देते, आणि बहुतेक डॉक्टर विचारलं तर हो म्हणतात. घरातली तिची जुनी चादर न धुता घेऊन जा, तिच्या वासाची. पहिलं इंजेक्शन दिल्यावर तिच्याजवळ जमिनीवरच बसा, मान मांडीवर घ्या, हळू बोला. डोळे जड झाले की आम्ही तिला उचलून आत नेतो. बाहेर आणल्यावर ती कदाचित रडेल, हेल काढून, ओळख नसल्यासारखी. ते बहुतेक वेळा दुखणं नसतं, भूल उतरतानाचा गोंधळ असतो. तरी डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. मग तीच चादर खाली घाला, दिवा मंद करा आणि तिच्या डोक्याशी बसून नावाने हाक मारत राहा. अर्ध्या-पाऊण तासात कान हलेल.